चौकोनावरचा घुमट

चौकोनी दालनावर वाटोळा घुमट बसवायचा कसा? विजापूरच्या गवंड्यांपुढचा हा प्रश्न सध्या आमच्या कन्येपुढे आहे. ‘माइनक्राफ्ट’ नावाच्या संगणकावरील खेळात ती गोलघुमट बांधते आहे. तेथला ठोकळा म्हणजे एक मीटरचा घन. गोलाईचे नाव नाही! आतून सुमारे 38 मीटर व्यासाचा घुमट असल्या ठोकळ्यांतून, पायरीपायरीने वळवीत न्यायचा.

मुहंमद आदिलशहाच्या या मकबऱ्यात (तो 1656 साली पुरा झाला) गवंड्यांनी एकमेकींना छेदणाऱ्या आठ कमानी घातल्या. त्यांची अष्टकोनी चांदणी होते आणि घुमटाचे ओझे तिच्यावरून खाली भिंतींत उतरते. केवढी ही अक्कल!

खेळात मात्र वाळू, खडी असले थोडे जिन्नस सोडले, तर काही पडतच नाही. दगडसुद्धा अधांतरी राहतो. मी म्हटले, “मग कमानी वगळ की!”

“बाबा, मग तो नुसता टोप होईल,” ती म्हणाली. तिचे म्हणणे मला पटले. ओझेच नाही, तेथे कमान ही नुसती नक्षी. पण ती घातल्यावाचून ओझे कोठून उतरते, हे पोरांना कळावे कसे?

घुमटाच्या आतल्या सज्जात एका बाजूस कुजबुजलेले पलीकडे स्पष्ट ऐकू येते. ते ऐकायला मात्र विजापुरासच गेले पाहिजे.