संध्याकाळी सातची भूक

मैत्रिणींनो, आधी एक कबुली देते, मग पुढचं बोलते.

2018 पासून दर सप्टेंबरात राष्ट्रीय पोषण माह असतो, हे तुम्हाला माहीत आहेच. गेल्या सप्टेंबरात आमच्या बार्शीत एका अंगणवाडीत मी किशोरवयीन मुली आणि त्यांच्या आयांपुढे उभी होते. मागं भिंतीवर तक्ता. पालेभाजी, मोड आलेली कडधान्यं, शेंगदाणा-गुळाचा लाडू... बोलणं छान रंगात आलं होतं. तेवढ्यात पर्समधला फोन वाजला. बंद करायला गेले आणि नको तिथं बोट पडलं. लेकाचा खणखणीत आवाज सगळ्या खोलीत घुमला, "आई, तुला उशीर होणार ना? मग मंच्युरियन मागवू का नूडल्स?"

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसले. काय करणार?

हसू मावळलं ते पंधरा दिवसांनी. लेक अकरावीला आहे. कॉलेजात रक्ततपासणीचं शिबिर झालं. तिचं हिमोग्लोबिन निघालं 8.9. या वयाच्या मुलीला निदान 12 तरी हवं. जिने चढताना तिला धाप लागते, अभ्यासाला बसली की पेंगते, याला मी आजवर 'रात्री मोबाइल बघत जागते' असं म्हणत आले होते. डॉक्टरीणबाईंनी तिलाच विचारलं, "रात्री जेवतेस काय?" पोरगी खरं बोलली. सोमवारी पाकिटातल्या नूडल्स, मंगळवारी चायनीज भेळ, बुधवारी भात-वरण, गुरुवारी वडापाव... मी शेजारच्या खुर्चीत बसून ऐकत होते. इतर बायकांना आहाराचा तक्ता समजावून सांगणारी मी. अशा वेळी मान वर करवत नाही हो.

आमच्या घरी हे कसं झालं? कुणी ठरवून केलं नाही. गटाच्या बैठका, बँकेची कामं, कुणाच्या तरी घरचं भांडण. मला घरी यायला सात वाजतात. लेक क्लासहून साडेसातला येते, लेकाची शिकवणी त्याच सुमारास सुटते. हे दुकानातून येतात नऊला. सासूबाईंचे गुडघे गेलेत, त्यांना ओट्याशी उभं राहवत नाही. पण पोरांना भूक लागते ती सातला! त्या तासाभरात कणीक मळा, भाजी निवडा, कुकर लावा... आणि शंभर पावलांवर गाडी उभी असते. हाफ राइस साठ रुपयांना, दहा मिनिटांत. पहिल्यांदा 'आजच्या दिवस' म्हणून आणलं. मग आठवड्यातून एकदा, मग तीनदा. रिपोर्ट आल्यावर मी वही घेऊन बसले, तर महिन्याला तीन हजारांच्या वर पैसे जात होते. तेवढ्यात आमची दोन महिन्यांची ज्वारी आणि डाळ येते.

हे दुखणं एकट्या माझ्या घरातलं नाही. 2015-16 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या शंभरातल्या 48 बायकांना रक्तक्षय होता. 2019-21 च्या सर्वेक्षणात तो आकडा 54 वर गेला. याला एकटी गाडी जबाबदार आहे असं मी म्हणणार नाही. पाळीतला रक्तस्राव, जंत, सगळ्यांना वाढून उरेल ते खायची आपली जुनी सवय, हे सगळं त्यात आहे. पण मैदा, भात आणि कोबीच्या चार काड्या यांतून लोह येणार कुठून? तेलाचंही तसंच. वापरलेलं तेल किती वेळा तापवायचं याला मर्यादा असावी म्हणून 1 जुलै 2018 पासून देशात नियम आहे. तेलातले बिघडलेले घटक 25 टक्क्यांच्या वर गेले की ते स्वयंपाकाला वापरायचं नाही. चांगला नियम आहे. पण आमच्या चौकातल्या कढईत कुणी ते मोजताना मी तरी पाहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी कंबर कसली. म्हणजे काय केलं, तर सगळं एकटीनं करायला घेतलं. पहाटे पाचला उठून संध्याकाळच्या भाजीची तयारी, सातला घरात पाऊल टाकलं की पदर खोचून ओट्याशी. तीन आठवडे चाललं. चौथ्या आठवड्यात एका रात्री तवा तापत ठेवून मी खुर्चीत बसले आणि तिथंच डोळा लागला. घरभर धूर! सासूबाई काठी टेकत आल्या, गॅस बंद केला. रागावतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "अगं, रोज रात्री नव्यानं स्वयंपाक कोण करत होतं गं आमच्या वेळी? आम्ही उन्हाळ्यातच वर्षाची निम्मी रात्र शिजवून ठेवायचो."

उन्हाळ्यात वर्षाची निम्मी रात्र शिजवून ठेवायची! हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. खरंच की. येसर काय होतं? भाजणी, मेतकूट, सांडगे, हातशेवया हे काय होतं? शेतातून दिवेलागणीला घरी येणाऱ्या बाईनं स्वतःसाठी करून ठेवलेली सोय होती ती. आपण त्याला 'जुनं खाणं' म्हणून फडताळात मागं ढकललं आणि दुकानातून पाकीट आणलं.

ज्यांच्याकडे येसर माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे लग्नघरात येसर-मेतकूट दळायचा मानच असतो. बाजरी, गहू, थोडे तांदूळ, हरभरा डाळ वेगवेगळी खमंग भाजायची. धणे, तीळ, सुकं खोबरं, लाल मिरची आणि गरम मसाला परतून घ्यायचा. सगळं एकत्र दळून बरणीत भरायचं. रात्री लसणाची फोडणी करायची, तीन-चार चमचे येसर पाण्यात कालवून त्यात ओतायचं, मीठ घालून उकळी आणायची. दहा मिनिटांत आमटी तयार. त्यात भाकरी कुस्करा. वर लिंबू पिळा, बरं का. धान्या-कडधान्यातलं लोह अंगी लागायला आंबटाची मदत होते.

दुसरं, धपाटे. चार वाट्या ज्वारीचं पीठ, एक वाटी गव्हाचं, एक वाटी हरभरा डाळीचं. हे मी महिन्याचं एकदम मिसळून ठेवते. संध्याकाळी त्यात कांदा, लसूण, तीळ, तिखट आणि हाताला येईल ती पालेभाजी चिरून घालायची. मेथी, पालक, शेवग्याचा पाला, काहीही. ओल्या फडक्यावर थापायचं आणि तव्यावर टाकायचं. भाजी वेगळी करायची गरज नाही. दही-शेंगाचटणी असली की ताट भरतं. तिसरी मटकी. रविवारी सकाळी भिजत घालायची, रात्री उपसून फडक्यात बांधायची. सोमवारी मोड येतात. फ्रिजमध्ये तीन दिवस राहतात. उसळ, खिचडी, कशातही पडतात.

आणखी एक गोष्ट डॉक्टरीणबाईंनी सांगितली, ती मला सगळ्यात अवघड गेली. जेवणाला लागून चहा नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 मध्ये आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यातही हेच आहे. जेवणाआधी तासभर आणि जेवणानंतर तासभर चहा-कॉफी टाळा, कारण त्यानं लोह अंगी लागत नाही. माझ्या लेकीला अभ्यासाच्या नावाखाली जेवल्या जेवल्या चहा लागायचा, आणि तो करून देणारी मीच.

लेकानं सुरुवातीला असहकार पुकारला. "हे आजीचं जेवण आहे." त्याच्यासाठी हातशेवया भाजून, कोबी-गाजर-मटकी घालून, वर थोडा सॉस टाकून 'नूडल्स' केल्या. पहिल्यांदा नाक मुरडलं, दुसऱ्यांदा डबा पुसून खाल्ला. शनिवारी मात्र गाडीवर जायचं, हा तह झालाय. घरात सगळ्यालाच 'नाही' म्हटलं की पोरं बाहेर लपून खातात, हे मी पाहिलंय.

पण मुद्दा वेगळाच आहे, आणि तो मला जरा ठासून सांगायचाय. 'घरचं ताजं खा' असं जो तो सांगतो. डॉक्टर सांगतात, वर्तमानपत्रं सांगतात, मीही अंगणवाडीत तेच सांगते. त्याचा घरात अर्थ काय लावला जातो? 'आई, तू लवकर घरी ये.' रिपोर्ट आला त्या रात्री हेही म्हणालेच, "तुझ्या समाजकार्यापायी पोरीचं रक्त कमी झालं." मी रडले नाही. मी म्हटलं, "पोरगी दोघांची आहे ना? मग दुकान साडेआठला बंद करा आणि मटकी निवडा." चार दिवस अबोला. पाचव्या दिवशी परातीत पीठ घेऊन विचारतात, "पाणी किती घालू?" पहिलं धपाटं नकाशासारखं झालं. शेजारणीनं खिडकीतून पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी आळीभर झालं. होऊ दे. आता सोमवार-गुरुवार तवा यांचा, मंगळवारी लेकीचा, भांडी लेकाची. सासूबाई बसल्या जागी लसूण सोलतात, भाजी निवडतात आणि हुकूम सोडतात.

हे सगळं मी ऐटीत आमच्या बचत गटात सांगितलं. सांगताना माझ्या लक्षातच आलं नाही की समोर ती बसली आहे. आमच्या चौकातली चायनीजची गाडी तिचीच. नवरा गेल्यावर गटातून कर्ज घेऊन तिनं ती उभी केली. त्या कर्जाच्या कागदावर जामीन म्हणून माझी सही आहे. दोन मुली त्या गाडीवर शिकतायत. बैठकीनंतर मी ओशाळून तिच्याजवळ गेले. ती हसली. म्हणाली, "ताई, वाईट वाटून घेऊ नका. माझ्या पोरींना मी तरी कुठं गाडीवरचं देते? त्या घरनं भाकरी खाऊन येतात."

मला बोलायला शब्द सुचेना.

मग तिनंच प्रयोग केला. गाडीच्या एका कडेला तवा ठेवून धपाटे आणि ठेचा. पहिले दोन दिवस संपले, कारण गटातल्या आम्हीच घेतले. तिसऱ्या दिवशी पीठ उरलं. आठवड्याभरात तवा पुन्हा घरी गेला. तिला दोष कसा देऊ? हप्ता तर मंच्युरियनवरच फिटतो.

पण प्रश्न राहतोच. माझ्या घरात फ्रिज आहे, पीठ मळणारा नवरा आहे, लसूण सोलणारी सासू आहे. जी सात वाजता शेतातून किंवा कारखान्यातून येते आणि घरात एकटी आहे, तिनं काय करायचं? 1995 मध्ये राज्यात एक रुपयात झुणका-भाकर निघाली होती, ती पुढं बंद पडली. 26 जानेवारी 2020 ला दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली, तीही दुपारच्या वेळेला. संध्याकाळच्या भुकेचा विचार कुणी केला? मुंबईत 1975 साली प्रेमाताई पुरव यांनी गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. घरगुती जेवण विकून बायका उभ्या राहू शकतात, हे तेव्हाच दिसलंय. पुण्यात कोपऱ्या-कोपऱ्यावर पोळी-भाजी केंद्रं आहेत. आपल्या तालुक्याच्या गावात गरम भाकरी, उसळ आणि कोशिंबीर संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ विकत मिळाली, तर किती घरांचा प्रश्न सुटेल! गाडीवाल्या मैत्रिणीचं म्हणणं, एकटीनं नाही जमणार, पण चौघी असतील तर भाकऱ्यांचं ती बघेल. पुढच्या बैठकीत हाच विषय ठेवलाय. जागेचं भाडं, ज्वारीचा भाव आणि उरलेल्या मालाचं काय, या तीन ठिकाणी आमचं घोडं अडलंय.

लेकीचं विचारायचं राहिलं असेल तुमच्या मनात. तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं, 11.1. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, नुसत्या जेवणानं एवढं चढत नाही, गोळ्यांचा वाटा मोठा आहे आणि त्या अजून बंद करायच्या नाहीत. शाळा-कॉलेजात आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी ती आधी बाकाखाली टाकायची, हेही तेव्हाच कळलं. तुमच्या मुलींना एकदा विचारून बघा.

आणि तुमच्या गावात बायकांनी चालवलेलं संध्याकाळचं पोळी-भाजी किंवा भाकरीचं केंद्र असेल, तर दर काय ठेवलाय आणि उरलेल्या भाकऱ्यांचं काय करता, एवढं पुरवणीच्या पत्त्यावर जरूर कळवा. बैठक पुढच्या मंगळवारी आहे.