नवा चष्मा आणि लहान मेंदू

या वेळी आधी एक प्रयोग, मग गप्पा. मोबाइल हातात स्थिर धरा आणि ‘नाही, नाही’ म्हणताना हलवतो तशी मान भराभर हलवत हे वाक्य वाचा. वाचता येतंय ना? आता मान स्थिर ठेवून तेवढ्याच वेगानं मोबाइल हलवा. अक्षरं लगेच पुसट होतात.

असं का? मोबाइल हलतो तेव्हा डोळ्यांनी आधी बघायचं, मेंदूनं समजून घ्यायचं, मग डोळे वळवायचे. यात सेकंदाचा साधारण दहावा भाग जातो. मान हलते तेव्हा मात्र खबर कानातून येते. आतल्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिका मान वळल्याचं कळवतात आणि सेकंदाच्या जवळपास शंभराव्या भागात डोळे तेवढेच उलट दिशेला वळतात.

यातलं ‘तेवढेच’ महत्त्वाचं. हे माप अचूक ठेवतो तो डोक्यात मागे, खालच्या बाजूला असलेला लहान मेंदू. शाळेच्या पुस्तकातलं अनुमस्तिष्क ते हेच. चष्म्याचा नंबर बदलला की वस्तू किंचित लहान किंवा मोठ्या दिसतात, जुनं माप चुकतं आणि जिना उतरताना पायऱ्या डुलल्यासारख्या वाटतात. आजी नव्या चष्म्यावर वैतागते ती उगाच नाही! काही दिवसांत लहान मेंदू नवं माप शिकतो.

ही शिकण्याची ताकद अफाट आहे. गोंशोर आणि मेलविल जोन्स या संशोधकांनी काही जणांना डावं-उजवं उलटं दाखवणारे चष्मे दिवसच्या दिवस घालायला लावले. 1976 साली त्यांनी निष्कर्ष मांडले: मान वळताना होणारी डोळ्यांची हालचाल आधी कमी झाली आणि पुढे चक्क तिची दिशा उलटू लागली. त्याच वर्षी डेव्हिड रॉबिन्सन यांनी मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की लहान मेंदूचा संबंधित भाग काढला तर हे शिकणंच थांबतं.

हे सगळं मी आज लिहितोय त्याला एक कारण आहे. घरात कुणाला चक्कर आली की आपण म्हणतो, “पित्त झालं असेल, जरा पड.” पुष्कळदा कारण साधं असतंही. पण लहान मेंदूचा रक्तपुरवठा अडला तरी सुरुवात चक्करनंच होऊ शकते. 2009 साली अमेरिकेत, पक्षाघाताचा धोका जास्त असलेल्या आणि सतत गरगरणाऱ्या 101 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सुरुवातीच्या एमआरआयमध्ये 12 टक्के पक्षाघात दिसलेच नव्हते. तज्ज्ञांनी रुग्णाच्या पलंगाशेजारी केलेल्या डोळ्यांच्या तपासणीत मात्र ते लक्षात आले.

ही तपासणी घरी करायची नाही, आजोबांची मान तर मुळीच फिरवायची नाही. पण अचानक सुरू झालेली चक्कर थांबत नसेल, जोडीला बोलणं अडखळत असेल, एकाचे दोन दिसत असतील किंवा आधाराशिवाय उभं राहता येत नसेल, तर लिंबू सरबत बाजूला ठेवा आणि थेट रुग्णालय गाठा. चक्कर नेमकी कधी सुरू झाली ती वेळही डॉक्टरांना सांगा. उपचार ठरवताना ती फार उपयोगी पडते.