हळहळ योग्य, आरोपी चुकीचा

‘रोबोट’ (२०१०) या चित्रपटाचा पुढचा भाग ‘२.०’ दि. २९ नोव्हेंबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या प्रेक्षकांपुढे तो हिंदीतून आला. रजनीकांत यांच्या यंत्रमानवाला टाळ्या पडणार, हे ठरलेलेच होते. हे शिवाजीराव गायकवाड अखेर मराठी घरातले! परंतु अनेकांची हळहळ लाभली ती खलनायकाला. पक्षिराजन हा वृद्ध पक्षितज्ज्ञ पाखरांसाठी सगळीकडे दाद मागतो आणि हताश होऊन मोबाइलच्या मनोऱ्यावर गळफास घेतो.

ही हळहळ प्रामाणिकच म्हटली पाहिजे. मात्र मनोऱ्यांच्या लहरींनी पक्षी मरतात, हे चित्रपटाचे गृहीतक विज्ञानाने सिद्ध झालेले नाही. मोबाइल कंपन्यांच्या संघटनेने प्रदर्शनापूर्वी सेन्सॉर मंडळाकडे तक्रार केली, ती अर्थातच धंद्याच्या काळजीने. तथापि या एका मुद्द्यावर ती निराधार नव्हती.

पाखरांचा निवारा हिरावला जातो तो मुख्यतः जमिनीच्या हव्यासापायी. ठाण्याची खाडी २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाली, २०२२ साली रामसर यादीत गेली; कांदळवनात राडारोडा टाकल्याच्या तक्रारी त्यानंतरही येतच राहिल्या. पडद्यावर हजारो मोबाइल आकाशात उडाले, तेव्हा डोंबिवलीहून लोकलला लोंबकळत कामावर जाणारा, ज्याला मोबाइलवाचून नोकरी टिकवता येत नाही, तो आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला. खाडीत भराव कोणी घातला आणि त्या जमिनीचा वाढीव भाव कोणाच्या पदरात पडला, हे पक्षिराजननेही विचारले नव्हते.