क्रेडिट तास कुणाच्या वेळेतून?

नोंदणी नूतनीकरणाबद्दल दोन महिन्यांत आमच्याकडे आलेल्या बहुतेक पत्रांत तक्रार एकच आहे. नाइट संपवायची, ओव्हर द्यायची आणि घरी न जाता थेट सीएनईची (सातत्यपूर्ण परिचर्या शिक्षणाची) कार्यशाळा गाठायची. रजा नाही, म्हणून वीकली ऑफ त्यातच जातो. फी आणि एसटीचे भाडे पदरचे. एका भगिनीने लिहिले आहे की औषधे देतानाच्या चुकांवर व्याख्यान चालू होते आणि तिला डोळे उघडे ठेवता येत नव्हते. सलग तिसरी नाइट करून ती आली होती. प्रमाणपत्र मिळाले, डोक्यात काही शिरले नाही, हे तिनेच कळवले आहे.

सीएनईला आमचा विरोध नाही. दहा वर्षांपूर्वीच्या शिक्षणावर आजचे आयसीयू चालत नाही. पण शिकलेल्या परिचारिकेचा लाभ रुग्णालयालाही होतो, मग तिला ड्युटी लीव्ह का नाही? मेट्रनचे उत्तर ठरलेले आहे: माणसे कमी आहेत.

ती कमी का आहेत? भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका, इतरत्र पाचांमागे एक, आणि त्यावर रजेसाठी ३० टक्के राखीव, असे आहे. ही राखीव माणसे भरली असती तर कार्यशाळेसाठी कुणाचा ऑफ गेला नसता. पत्रांतले वॉर्ड तीस-चाळीस खाटांचे आहेत आणि रात्री तिथे एकच सिस्टर असते. तिचे सीएनईचे क्रेडिट तास भरले नाहीत तर तिच्या नोंदणीचे नूतनीकरण अडते. रुग्णालयाने प्रमाण मोडले तर त्याचे काय अडते? पगाराचेही तेच. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही २०,००० रुपयांच्या खाली पगार नसावा, अशी शिफारस केली. छोट्या नर्सिंग होममधल्या आमच्या वाचक भगिनींना अजून तो मिळत नाही, आणि कार्यशाळेची फी मात्र त्याच पगारातून जाते.

राज्याच्या नर्सिंग कौन्सिलने नूतनीकरणाच्या अर्जात एक रकाना वाढवावा: नोंदणीच्या या पाच वर्षांत रुग्णालयाने किती तासांची ड्युटी लीव्ह दिली? त्याखाली रुग्णालय प्रमुखाची सही सक्तीची करावी. एवढे करायला नवा कायदा लागत नाही.

कार्यशाळेत सकाळी सही करून दुपारी निघून जाणाऱ्या भगिनींवरही आमचा राग आहे. तुमच्यामुळे या मागणीचे वजन कमी होते. ते थांबवा.

मेट्रनबाईंनो, तुम्हीही याच वॉर्डांतून वर आलात. महिन्याची ड्युटी लिस्ट लावताना सीएनईच्या तारखा आधी टाका, मग उरलेली नावे भरा.

आणि प्रत्येक सिस्टरने ड्युटी लीव्हचा अर्ज लेखीच द्यावा, पोच घ्यावी. नकार तोंडी मिळाला तर तो लेखी मागावा. अर्जाची आणि नकाराची प्रत आमच्याकडे पाठवा. तुमचे नाव छापणार नाही. हे कागद घेऊन आम्ही कौन्सिलकडे जाणार आहोत.