लेक्टरचा प्रश्न आणि शिलोहाचा बुरूज

गुन्ह्याच्या खुणांवरून गुन्हेगाराच्या मनाचा आराखडा बांधणारे तपासनीस आता कथाकादंबऱ्यांत चांगलेच बोकाळले आहेत. या पंथाची गाथा म्हणजे थॉमस हॅरिस यांची १९८८ ची ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स’. तिच्यावरील चित्रपटाने १९९२ साली पाच ऑस्कर पटकावली. तीतील रक्तपाताविषयी माझी तक्रार नाही. रक्तपात जुन्या करारातही भरपूर आहे.

कोठडीतला नरभक्षक डॉ. लेक्टर प्रशिक्षणार्थी तपासनीस क्लॅरिसला आपला छंद सांगतो: कोसळलेल्या चर्चच्या बातम्या गोळा करण्याचा. सिसिलीत मिस्साला आलेल्या वृद्धांवर भिंत पडली, हे दुष्कृत्य असेल तर कर्ता कोण? शिवाय, पाप-पुण्य टाकून तुम्ही नुसते वर्तनशास्त्र धरलेत, असे तो हिणवतो. श्रद्धेची भाषा बोलण्याचे काम लेखकाने नरभक्षकाकडे सोपवले आणि क्लॅरिसला निरुत्तर ठेवले. वाचक टाळी देतो.

पण हा प्रश्न जुनाच आहे. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे ठार झाली, त्याविषयी प्रभू येशू बोलला आहे (लूक १३). मृतांच्या माथी त्याने अधिकचे पाप मारले नाही. त्याने रोख वळवला तो ऐकणाऱ्यांकडे: तुमच्या पश्चात्तापाचे काय? या कादंबऱ्या नेमके हेच विचारीत नाहीत. त्यांतला दुष्ट गजांपलीकडे, अलौकिक बुद्धीचा, संगीताचा दर्दी. आपल्यासारखा मुळीच नाही! संत ऑगस्टिनने मात्र सोळाव्या वर्षी केलेल्या नासपतीच्या चोरीची उलटतपासणी केली. भूक नव्हती, फळे डुकरांपुढे टाकली; हवी होती ती चोरीच. चेस्टरटनचा फादर ब्राऊनही १९२७ च्या कथासंग्रहात सांगतो, ते खून मीच केले. म्हणजे खुन्याच्या मनात शिरून, तो आपणच आहोत असे पटेपर्यंत.

‘रेड ड्रॅगन’मधला विल ग्रॅहम स्वतःतही तोच अंधार पाहून हादरतो, हे मान्य. पण तेथे ती व्याधी ठरते. पापनिवेदनाची वाट तिला नाही.

आणि लेक्टरचे पुढे काय झाले? मी कोणत्याही कारणांचे फलित नव्हे, असे बजावणाऱ्या या गृहस्थाला हॅरिस यांनी १९९९ च्या ‘हॅनिबल’मध्ये महायुद्धात भुकेल्या टोळीने खाल्लेली धाकटी बहीण दिली, आणि २००६ साली त्या बालपणावर अख्खी कादंबरी लिहिली.