पेण-रोह्याच्या रस्त्यांवर जुनी कार खडखडतेय? शीट चिकटवण्याआधी हे वाचा

मुंबई-गोवा महामार्गाच्या पळस्पे-इंदापूर टप्प्याचं रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झालं आणि रखडलं. ती वर्षं खड्ड्यांत काढलेल्या पेण-रोह्यातल्या जुन्या गाड्या आता खडखडणारच. त्यावर हमखास सुचवला जाणारा उपाय म्हणजे ब्यूटाइल डॅम्पिंग शीट. ही शीट दरवाज्याच्या पत्र्याला चिकटून त्याचं कंपन कमी करते. सगळा पत्रा झाकायचीही गरज नसते.

पण सैल क्लिप किंवा झिजलेला सस्पेन्शन बुश शीटने सुधारत नाही. म्हणून आधी गाडी मित्राला चालवू द्या, तुम्ही फोनवर आवाज रेकॉर्ड करा आणि मेकॅनिकला ऐकवा. खड्ड्यातली खटखट ही धोक्याची सूचना असू शकते, ती दाबू नका. आणि दरवाज्याच्या तळाशी पाणी निघायची भोकं असतात, ती उघडीच ठेवा. नाहीतर कोकणातल्या पावसात गाडी शांत होईल, पण आतून गंजेल.