कागदावरचा माणूस

गेल्या महिन्यात विश्रामबागेतला एक मुलगा मला भेटायला आला. त्याच्या वडिलांची आणि माझ्या अब्बांची जुनी ओळख. इंजिनिअरिंग होऊन दोन वर्षं झाली, नोकरी नाही. चहा झाल्यावर त्याने हळूच विषय काढला. "दादा, पुण्यात एक जण दोन वर्षांच्या अनुभवाचं लेटर देतो. पगाराच्या स्लिपा, रिलीव्हिंग लेटर, सगळं. चौकशीचा फोन आला तर उचलायला माणूसही आहे. फक्त रेफरन्स म्हणून तुमचं नाव टाकू का?"

मी नाही म्हणालो. तो काही बोलला नाही. पण तुमचं काय जातंय सांगायला, तुम्ही नोकरीला लागलेले आहात, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. त्याला जे सांगायला हवं होतं, त्याचा त्या दिवशी मला धीर झाला नाही. दोन दिवसांनी पुन्हा बोलावून सांगितलं. इथेही सांगतो, कारण तो एकटा नाही.

हे मी स्वतः केलेलं आहे.

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षात माझे विषय राहिले आणि मी वायडी झालो. 2012 साली डिग्री हातात आली, तेव्हा बरोबरीची मुलं वर्षभर पुढे गेली होती. पुण्यात कॉट बेसिसवर राहून सहा महिने कंपन्यांचे उंबरे झिजवले. बहुतेक जाहिरातींत एकच अट: दहावीपासून सगळीकडे साठ टक्के आणि शिक्षणात खंड नको. शेवटी ओळखीच्या एका कॉम्प्युटर दुकानदाराने लेटरहेडवर लिहून दिलं, की मी वर्षभर त्याच्याकडे प्रोग्रामर होतो. प्रत्यक्षात मी तिथे चार-दोन मशीन फॉरमॅट केली असतील. पण गेलेलं वर्ष झाकलं गेलं आणि नोकरी लागली. अम्मीने गल्लीत पेढे वाटले.

त्यानंतरचे चौदा महिने मला आजही जसेच्या तसे आठवतात. भीती होतीच, पण त्याहून वाईट एक गोष्ट होती. मला प्रश्न विचारता येईनात. वर्षभराचा अनुभव असलेल्या माणसाला अमुक गोष्ट येत नाही, असं कसं चालेल? त्यामुळे शेजारी बसलेले फ्रेशर बिनधास्त विचारून शिकत होते आणि मी रात्री खोलीवर चोरून वाचत होतो. जेवणाच्या सुट्टीत कुणी जुन्या नोकरीचा विषय काढला, की मी डबा घेऊन उठायचो. टीम लीडने एकदा मनापासून कौतुक केलं, ते माझ्यापर्यंत पोहोचलंच नाही. ते त्या लेटरवरच्या प्रोग्रामरचं कौतुक होतं.

तेव्हा लक्षात आलं, की नोकरी मला लागलेलीच नव्हती. ती कागदावरच्या माणसाला लागली होती. मी रोज त्याच्या खुर्चीवर त्याचं नाव सांभाळत बसत होतो.

पुढे एका क्लायंटच्या कामासाठी सगळ्यांची कागदपत्रं पुन्हा तपासणार असल्याचा मेल आला. मी मॅनेजरकडे जाऊन खरं सांगितलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, राजीनामा द्या. मी दिला आणि विश्रामबागेत परत आलो. यात माझी बहादुरी काही नाही. मेल आला नसता, तर मी बोललो असतो की नाही, हे मला खात्रीने सांगता येत नाही.

अब्बा कुपवाड एमआयडीसीत फिटर होते. आयटीआयचं सर्टिफिकेट नसल्यामुळे कागदावर बरीच वर्षं हेल्परच राहिले, काम मात्र फिटरचं केलं. त्यांच्याकडे हुन्नर होता आणि कागद नव्हता. मुलाकडे कागद आला, तर त्यात त्याने खोट मिसळली. मी घाबरत घाबरत त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, की किती दिवस झोप लागत नव्हती.

कागदाशिवायची पात्रता कशी असते, हे पाहायला आम्हा सांगलीकरांना लांब जावं लागत नाही. शेजारी मिरजेत सतारमेकर मंडळींची घरं आहेत. ही मूळची शिकलगार घराणी, म्हणजे हत्यारांना धार लावणारी. एकोणिसाव्या शतकात हत्यारांची मागणी ओसरली, तेव्हा फरीदसाहेब सतारमेकर यांनी तंतुवाद्यं बनवायला घेतली. भोपळा निवडायचा, वाळवायचा, जवारी लावायची, आणि तंबोरा बोलेपर्यंत थांबायचं. जवारी नीट लागली आहे की नाही, हे गवयाच्या कानाला लगेच कळतं. तिथे रिलीव्हिंग लेटर चालत नाही. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, मिळालं. या मानांकनाचा अर्थच असा, की दुसरीकडे बनलेल्या वाद्यावर कुणी मिरजेचं नाव खोटं लावू नये. वाद्याच्या नावाची आपण एवढी काळजी घेतो. स्वतःच्या नावाची किती घेतो?

खोटी पात्रता ही फक्त गरजू पोरांची गोष्ट नाही. 2012 साली याहू कंपनीचे प्रमुख स्कॉट थॉम्प्सन यांना चार-पाच महिन्यांतच पद सोडावं लागलं. त्यांची पदवी हिशेबशास्त्राची होती, पण त्यांच्या परिचयात कॉम्प्युटर सायन्सचीही पदवी लिहिलेली होती. याआधी त्यांनी मोठी पदं सांभाळली होती. त्या एका जादा ओळीची त्यांना गरजही नव्हती. आपल्या महाराष्ट्रात जानेवारी 2020 मध्ये झालेल्या शिक्षक पात्रता परीक्षेत, म्हणजे टीईटीत, पैसे घेऊन गुण वाढवल्याचं उघड झालं. डिसेंबर 2021 मध्ये परीक्षा परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांनाच अटक झाली आणि 2022 साली साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. या आकड्यामागे आणखी एक आकडा आहे, जो कुणी मोजला नाही. प्रामाणिकपणे अभ्यास करून दोन-चार गुणांनी राहिलेली मुलं-मुली किती? बनावट कागदाने घेतलेली जागा रिकामी पडलेली नसते. ती कुणाची तरी असते, आणि बहुधा आपल्यासारख्याच घरातल्या कुणाची.

यावर त्या मुलाने मला एक प्रश्न विचारला, आणि तो टाळण्यासारखा नाही. "दादा, आपलं नाव वाचूनच सीव्ही बाजूला ठेवत असतील, तर मग आपणच खरं का लिहायचं?"

त्याची शंका हवेतली नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी वर्तमानपत्रांतल्या खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, पण वेगवेगळ्या नावांचे अर्ज पाठवून पाहिले. 2007 साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता साधारण दोन तृतीयांश होती, आणि मुस्लिम नावाला साधारण एक तृतीयांश. म्हणजे अन्याय आहे, आणि तो मोजलेला आहे.

पण त्या अभ्यासाची ताकद कशात होती? तुलनेतले हे अर्ज पात्रतेत सारखे होते, यात. म्हणून तर दोष नावाकडे पाहणाऱ्या नजरेचा आहे, हे सिद्ध झालं. माझ्याशी भेदभाव झाला, असं मला म्हणायचं असेल, तर माझ्या हातातला कागद खरा हवा. तो खोटा निघाला, की समोरच्याचा अन्याय झाकला जातो आणि चर्चा माझ्या लबाडीची होते. हक्काची लढाई लढायची असेल, तर ती स्वतःच्या नावानेच लढावी लागते.

पकडले जाण्याची भीती मी मुद्दाम शेवटी सांगतो आहे. 2014 पासून पीएफचा यूएएन नंबर आहे. कुठे, किती महिने काम केलं, ते त्यात दिसतं. मार्कशीट डिजिलॉकरवर पडताळता येते. बनावट कागद खरा म्हणून वापरणं हा भारतीय न्याय संहितेतही गुन्हाच आहे. पण समजा, कधीच पकडले गेलो नाही. तरी काय मिळतं? पगार मिळतो. आपण नोकरी शोधतो ती पगारासाठी आणि त्या पगारामागे जे सुकून असेल त्यासाठी. घरी पैसे पाठवावेत, रात्री झोप लागावी, चार लोकांत मान वर करून बसावं. खोट्या पात्रतेत यातली पहिली गोष्ट मिळते आणि उरलेल्या दोन जातात.

इमाम गझालींची गोष्ट या जागी आठवते. बगदादच्या निजामिया मदरशाचं अध्यापकपद म्हणजे त्या काळातला मानाचा कळस. त्यांची पात्रता शंभर टक्के खरी होती. तरीही आपण शिकवतो ते नावलौकिकासाठी, हे जाणवल्यावर त्यांची जीभच चालेना. 1095 साली त्यांनी ते पद सोडलं. पुढे फारसीत त्यांनी ग्रंथ लिहिला, त्याचं नावच 'कीमिया-ए-सआदत', सुखाची किमया. अकरा वर्षांनी ते पुन्हा शिकवायला परतले. बाहेर एक आणि आत एक, असं जगून सुख लाभत नाही, हे एवढ्या मोठ्या आलिमालाही पद सोडून शोधावं लागलं. माझं तर साधं डेव्हलपरचं पद होतं.

मला पुढची नोकरी सात महिन्यांनी लागली. छोटी कंपनी, पगार आधीच्या दोन तृतीयांश. मुलाखतीत गेलेल्या वर्षाबद्दल विचारलं, मी सांगितलं वायडी होतो, आणि आधीची नोकरी का सुटली तेही सांगितलं. समोरच्या बाईंनी काहीतरी लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न एसक्यूएलच्या जॉइनवर विचारला. बाकीच्या कंपन्यांनी हेच ऐकून मला परत पाठवलं होतं. खरं बोलण्याची किंमत मोजावी लागते, हे मी लपवणार नाही.

ती किंमत कमी करणं आपल्या हातात आहे. आज मीही मुलाखती घेतो. गॅप दिसला, की सीव्ही बाजूला ठेवण्याऐवजी कारण विचारतो. आपल्यातले जे कुणी अशा खुर्चीत आहेत, त्यांनी एवढं करावं. आईवडिलांनी दुसऱ्याच्या मुलाचं पॅकेज घरात ऐकवणं थांबवावं. वर्ष वाया गेलेल्या पोराला लाज वाटली, की तो लेटरवाल्याकडे जातो.

त्या मुलाबरोबर बसून मी नवा सीव्ही केला. दोन वर्षांत काय केलंस, विचारल्यावर म्हणाला, काहीच नाही. मग बोलता बोलता कळलं, की सांगलीच्या मार्केट यार्डात मामांच्या हळदीच्या अडतीसाठी त्याने हिशोबाचा प्रोग्राम केला आहे. पोती, वजन, हमाली, तोलाई, शेतकऱ्याची पट्टी, सगळं त्यात निघतं. दुकान त्यावरच चालतं. त्याने हे लिहिलं नव्हतं, कारण ती कंपनी नव्हती.

अजून त्याला नोकरी लागलेली नाही. पण आता मुलाखतीत कुणी त्या प्रोग्रामबद्दल विचारलं, तर तो अर्धा तास बोलू शकतो, आणि त्यासाठी त्याला काहीही पाठ करून जावं लागत नाही.